माल्टा: बेट लहान, पण सवड मोठी काढा

मागच्या अंकात भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर लिहिलं आणि सोलापूर, बार्शी, सांगोला, अक्कलकोट अशा सगळीकडून प्रश्न आले. काहींची तिकिटं निघाली आहेत, काहींच्या घरात अजून बोलणी चालू आहेत. माझी भाची तिथे नर्स आहे, मोस्ता गावात राहते. तिच्याकडे मुक्काम करून, बसनं आणि पायी हिंडून जे पाहिलं त्यावरून उत्तरं देते आहे. शाळेत इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे इतिहास जरा जास्त येईल.

टूर कंपनीनं युरोपच्या पॅकेजमध्ये माल्टाला दोन रात्री दिल्या आहेत. बेट आपल्या उत्तर सोलापूर तालुक्यापेक्षाही लहान आहे म्हणे. मग दोन रात्री पुरतील ना? — एक वाचक, जुळे सोलापूर

नाही पुरणार. माल्टा, गोझो आणि कोमिनो ही तिन्ही बेटं मिळून 316 चौरस किलोमीटर भरतात आणि मुख्य बेटाची लांबी जेमतेम 27 किलोमीटर आहे, हे खरं. पण दोन रात्रींत होतं काय? पहिली संध्याकाळ सामान लावण्यात जाते, दुसऱ्या दिवशी बसच्या काचेतून बेट दाखवतात आणि तिसऱ्या दिवशी सकाळी विमानतळ. एवढा खर्च करून हे पदरात पडावं, याचं मला वाईट वाटतं.

एकटी व्हॅलेटा दोन दिवस मागते. 1565 मध्ये तुर्कांच्या आरमारानं या बेटाला वेढा घातला. तेव्हा बेटावर सत्ता असलेल्या सेंट जॉन संघाचे, म्हणजे ख्रिस्ती लढवय्यांच्या धर्मसंघाचे, सरदार आणि बेटावरची माणसं मे महिन्यापासून सप्टेंबरपर्यंत लढली आणि वेढा उठला. पुन्हा असा प्रसंग आला तर तयारी असावी म्हणून पुढच्याच वर्षी, 1566 मध्ये, संघाचे प्रमुख ला व्हॅलेट यांनी खडकाच्या सोंडेवर नव्या शहराचा पाया घातला. तेच हे शहर. सरळ रेषेत आखलेले रस्ते, दोन्ही टोकांना समुद्र, घरांना रंगीत लाकडी बंद सज्जे आणि सगळं बांधकाम मधाच्या रंगाच्या चुनखडीचं. दुपारी बारा आणि चार वाजता अप्पर बराक्का बागेखालच्या तोफा उडतात. बाराच्या तोफेला बागेच्या कठड्याशी उभं राहा. समोर ग्रँड हार्बर आणि पलीकडे वेढा सोसलेली तीन जुनी गावं एका नजरेत दिसतात.

आणि सेंट जॉन्स को-कॅथेड्रल. बाहेरून अगदी साधं, आत सोन्याचं काम. जमिनीवर सरदारांच्या जवळजवळ 400 संगमरवरी समाध्या आहेत. त्यांना ओरखडे पडू नयेत म्हणून टोकदार टाचांच्या चपला आत चालत नाहीत. बाजूच्या दालनात काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराचं 1608 मधलं भलंमोठं चित्र आहे, सेंट जॉनच्या शिरच्छेदाचं. पाच मीटरहून अधिक रुंद. त्यातला अर्धा भाग म्हणजे नुसती तुरुंगाची काळोखी भिंत, आणि गजांच्या खिडकीतून दोन कैदी वाकून बघताहेत. एक म्हातारी दोन्ही हातांनी डोकं धरून उभी आहे. मारेकऱ्याचा हात पाठीमागे खोचलेल्या सुरीकडे गेला आहे. जमिनीवर सांडलेल्या रक्तातूनच चित्रकारानं आपलं नाव लिहिलं आहे. त्याची सही असलेलं हे एकमेव चित्र. ज्या वर्षी ते काढलं, त्याच वर्षी त्याला संघात सरदारकी मिळाली. मग मारामारीत तो कैद झाला, पळाला, आणि डिसेंबरात याच दालनात, याच चित्रासमोर, त्याला संघातून काढून टाकल्याचं जाहीर झालं. गटाबरोबर गेलात तर इथं गाईड तुम्हाला दोन-तीन मिनिटं देईल. मला तिथून हलवेना.

म्हणून माझं सांगणं असं, की कंपनीला माल्टा गाळायला सांगा आणि पुढे कधीतरी फक्त माल्टाला जा. निदान सहा-सात रात्री. चार-पाच रात्री व्हॅलेटा किंवा समोरच्या स्लीमात, दोन गोझोत. रोज एक ठिकाण, जास्तीत जास्त दोन. बसगाड्या सगळीकडे जातात. सात दिवसांचं कार्ड काढलं की तिकिटाची कटकट नाही. थांब्यावर बस येताना दिसली की हात करायचा, नाहीतर ती निघून जाते.

आम्ही लिंगायत, शुद्ध शाकाहारी. खाण्याचं कसं होईल? सोबत काय न्यावं? — एक वाचक, अक्कलकोट

उपाशी राहणार नाही, पण विचारून खा. कोपऱ्याकोपऱ्यावर पस्तीत्सी मिळते. पापुद्र्यापापुद्र्याची गरम करंजी समजा, आत रिकोटा चीज किंवा वाटाण्याचं सारण. सारण शाकाहारी असलं तरी पारीला काही ठिकाणी डुकराची चरबी वापरतात, काही ठिकाणी मार्गारीन. काउंटरवर स्पष्ट विचारायचं. इंग्रजी तिथली राजभाषाच आहे, सगळ्यांना येतं. फतिरा हा मधे भोक असलेला चपटा पाव. त्यात टोमॅटो, ऑलिव्ह, केपर घालतात आणि बहुधा ट्यूना मासाही, तेव्हा मासा नको असं आधी सांगा. बिगिला म्हणजे वाळवलेल्या घेवड्यासारख्या दाण्यांची लसूण-मिरची घातलेली जाड चटणी, ती आपल्या जिभेला पटते. चीजमध्ये रेनेट, म्हणजे दूध घट्ट करायला घालतात तो प्राण्याच्या पोटातला अर्क, असू शकतं, हे कडक पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

सोबत आपली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खुशाल न्या. ती दिवसचे दिवस टिकते आणि कुणी अडवत नाही. मात्र युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, खवा, तूप, पनीर घरी ठेवा. ताजा कढीपत्ताही नको. भाचीसाठी सासूबाईंनी प्रेमानं बांधून दिलेलं तूप कस्टममध्ये कचऱ्यात जाताना बघवत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

आई सत्तरीची आहे, गुडघे दुखतात. तिला न्यावं की नको? — एक वाचक, बार्शी

जरूर न्या. फक्त व्हॅलेटाच्या बाजूच्या गल्ल्यांना उभ्या पायऱ्या आहेत, तिकडे आईंना फिरवू नका. मधला रिपब्लिक स्ट्रीट चालायला सोपा आहे. खाली बंदरावर उतरायला अप्पर बराक्का बागेतून लिफ्ट आहे, साधारण 58 मीटर उंचीची. तिनं उतरा आणि फेरीबोटीनं पलीकडच्या गावांना जाऊन या. पाण्यातून शहराचे तट बघणं हा त्यांच्यासाठी सगळ्यात सुखाचा भाग ठरेल.

म्दिना ही जुनी राजधानी. आत मोजक्या गाड्या येतात, रस्ते बऱ्यापैकी सपाट, सावली भरपूर. संध्याकाळी पर्यटक ओसरले की जा. आणि आमच्या मोस्ताचं चर्च दाखवा. 9 एप्रिल 1942 ला, दुसऱ्या महायुद्धात, जर्मन बॉम्ब घुमट फोडून आत पडला. त्या वेळी आत सुमारे 300 माणसं प्रार्थनेसाठी जमली होती. बॉम्ब फुटला नाही. त्याची प्रतिकृती आत ठेवली आहे. बाकांवर बसून घुमटाकडे बघत राहिलं तरी अर्धा तास जातो, आणि गुडघ्यांना विश्रांती मिळते. देवाच्या ठिकाणी जाताना खांदे-गुडघे झाकलेले असावेत. साडी नेसणाऱ्या आईंना तो प्रश्नच नाही.

मी डाळिंब उत्पादक. त्या बेटावर नदी नाही असं तुम्ही लिहिलंत. मग माणसं आणि शेती जगते कशावर? हे बघायला मिळेल का? — एक वाचक, सांगोला

या प्रश्नानं मला फार आनंद झाला. फिरायला जाणाऱ्यानं हे विचारायलाच हवं, आणि सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला ते सुचावं यात नवल नाही. आपण उजनीकडे डोळे लावून बसतो, शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं. माल्टात तर धरण बांधायला नदीच नाही. बारमाही नदी नाही, गोड्या पाण्याचं तळं नाही. पाऊस पडतो तो बहुतेक ऑक्टोबर ते फेब्रुवारीत, आणि खडक तो शोषून घेतो.

आज तिथल्या नळाच्या पाण्यातलं निम्म्याहून जास्त पाणी समुद्राचं आहे. खारं पाणी प्रचंड दाबानं पडद्यातून ढकलून गोडं करतात, म्हणजे आपल्या घरच्या आरओचीच पद्धत, फक्त कारखान्याच्या आकारात. त्याला वीज लागते आणि ती महाग पडते. पाणी पिण्याजोगं असतं, पण चव वेगळी लागते, म्हणून बरेच जण बाटलीचं घेतात.

पण तुम्ही बघा ते जुनं काम. व्हॅलेटा वसवताना सरदारांनी नियमच घातला, की प्रत्येक घराखाली पावसाच्या पाण्याचं टाकं खोदलं पाहिजे. घरासाठी दगड तिथलाच खणून काढायचा आणि त्या खड्ड्याचं टाकं करायचं. गच्चीवरचं पाणी नळीतून टाक्यात. जुन्या घरांच्या अंगणात आजही त्या टाक्यांचं दगडी तोंड दिसतं. लोकसंख्या वाढली तेव्हा विन्याकूर या प्रमुखाच्या काळात म्दिनाच्या बाजूच्या उंचवट्यावरच्या झऱ्यांपासून व्हॅलेटापर्यंत पाट बांधला. 1615 मध्ये त्यातून शहरात पाणी आलं. बिर्किरकाराच्या बाजूनं बसनं जाताना त्याच्या दगडी कमानी रस्त्याकडेला दिसतात. उतरून बघा, तिकीट नाही.

शेतीसाठी गोझोला जा. उतारावर ताली घालून, रचलेल्या दगडांचे बांध करून माती धरून ठेवली आहे. बांधाला निवडुंगाचं कुंपण, त्याला उन्हाळ्यात लाल-पिवळी फळं लागतात. ठिबक सर्रास. शेताच्या बांधावर कुणी म्हातारबा दिसले तर थांबून बोला. पाण्याविषयी बोलायला शेतकऱ्याला शेतकरी पुरतो.

मला पोहता येत नाही. समुद्राच्या बेटावर जाऊन मी करू काय? आणि ब्लू लगून चुकवू नये म्हणतात, ते खरं का? — एक वाचक, पंढरपूर

पोहता न येणाऱ्यांसाठी उत्तरेकडची मेलिएहा खाडी, तिला घदीराही म्हणतात, बरी. वाळू आहे आणि पाणी बऱ्याच लांबपर्यंत कमरेइतकंच. माल्टाचा बाकी किनारा बहुतेक खडकाळ आहे, शिडीनं थेट खोल पाण्यात उतरायचं असतं. तिथे काठावर बसा. निशाणं बघायची सवय लावा. लाल निशाण म्हणजे पाण्यात जायचं नाही, जांभळं म्हणजे जेलीफिश आहेत.

ब्लू लगून कोमिनो बेटावर आहे. पाणी खरोखर निळंहिरवं, तळ दिसेल इतकं स्वच्छ. पण जुलै-ऑगस्टच्या दुपारी तिथे बसायला खडकाचा तुकडा मिळत नाही आणि सावली नाही. गर्दी एवढी हाताबाहेर गेली, की 2025 च्या उन्हाळ्यापासून आधी ऑनलाइन नोंदणी करून पास घ्यावा लागतो. जायचंच तर सकाळच्या पहिल्या बोटीनं जा, नाहीतर मे किंवा ऑक्टोबरात. माझ्या मते त्यापेक्षा दक्षिणेकडच्या ब्लू ग्रोटोची छोटी बोट घ्या. लाइफ जॅकेट घालून बसायचं, बोट खडकांच्या गुहांतून फिरवून आणते. सकाळचं ऊन गुहेत शिरलं की पाण्याचा रंग बदलतो, म्हणून दहाच्या आत पोचा. समुद्र खवळलेला असेल तर बोटी सुटत नाहीत.

मासेमारीचं गाव बघायचं तर मार्साश्लोक. लाल, पिवळ्या, निळ्या पट्ट्यांच्या लाकडी होड्या, आणि प्रत्येक होडीच्या नाकाशी दोन्ही बाजूंनी कोरून रंगवलेले डोळे, दर्यात वाईट नजरेपासून रक्षण म्हणून. रविवारी तिथे मोठा बाजार भरतो. होड्या निवांत बघायच्या असतील तर आठवड्यात कधीही जा.

समुद्रात उभी असलेली दगडी खिडकी, अझ्युअर विंडो, तिथे फोटो काढायचा आहे. कसं जायचं? — एक विद्यार्थी, विजापूर रोड

ती आता नाही. 8 मार्च 2017 च्या वादळात कोसळली. फोटो अजून फिरत असतात आणि काही जाहिरातीही ते वापरतात. तरी गोझोतल्या त्या द्वेय्रा जागेला जा. शेजारी डोंगराआड खाऱ्या पाण्याचं तळं आहे आणि कड्यातल्या नैसर्गिक बोगद्यातून होडी तुम्हाला उघड्या समुद्रात नेते. गोझोला जाताना मुख्य बेटाच्या उत्तर टोकाच्या चिर्केवा धक्क्यावरून मोठ्या फेरीबोटीनं जा. पंचवीसेक मिनिटं लागतात आणि तिकीट परतताना गोझोच्या धक्क्यावर काढायचं असतं.

आम्हा दोघांना प्राचीन अवशेषांची आवड आहे. मुलगी पाच वर्षांची. हायपोजियम बघता येईल का? — एक शिक्षक, मंगळवेढा

हाल सफ्लिएनीच्या हायपोजियममध्ये, म्हणजे जमिनीखालच्या प्राचीन दफनस्थळात, सहा वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत. तुम्ही दोघं वेगवेगळ्या वेळी जा, किंवा सहल एक वर्ष पुढे ढकला. ढकलण्याजोगी गोष्ट आहे ती. 1902 मध्ये घरांसाठी पाण्याची टाकी खोदताना कामगारांना ती सापडली. जमिनीखाली तीन मजले, खडकात कोरलेली दालनं, छतावर तांबड्या रंगाची वेलबुट्टी. सुमारे 7000 माणसांचे अवशेष तिथे होते, असा अंदाज आहे. श्वासातल्या ओलाव्यानं रंग खराब होऊ नयेत म्हणून दर तासाला दहाच माणसं सोडतात, फोटो काढू देत नाहीत. तिकिटं काही महिने आधी संपतात, म्हणून विमानाच्या आधी हे तिकीट बघा. तिथे सापडलेली निजलेल्या स्त्रीची मातीची मूर्ती व्हॅलेटाच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. तळहातावर मावेल एवढीच, एका कुशीवर, हात डोक्याखाली. ती मुलीला दाखवा.

मुलीला घेऊन हाजर ईम आणि इम्नाय्द्रा ही दोन मंदिरं बघता येतील. समुद्राकाठच्या माळावर, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. ऊन-पावसानं दगड झिजू नयेत म्हणून वर पांढरे तंबू घातले आहेत. इम्नाय्द्राच्या दक्षिणेकडच्या मंदिरात, दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवशी, उगवत्या सूर्याचा किरण दारातून थेट मधल्या अक्षावर आत येतो. गोझोचं जिगांतीया मंदिर याहून जुनं, इजिप्तच्या पिरॅमिडांपेक्षा हजारेक वर्षांनी आधीचं. चाक आणि धातूचं हत्यार नसताना हे दगड रचले आहेत. मुलांना दगडाजवळ नेऊन ही गोष्ट सांगा, फक्त हात लावू देऊ नका.

आमचा टॉवेलचा धंदा, घरात पूर्वी हातमाग होते. तिकडे विणकामाचं काही बघण्यासारखं? — एक वाचक, अशोक चौक

आहे, आणि तुमच्यासारख्यानं ते बघावंच. माल्टा 18 व्या शतकात कापूस पिकवायचा, सूत काढायचा आणि ते स्पेनला जायचं; बेटाची मोठी कमाई त्यावर होती. पुढे बाहेरच्या स्वस्त कापसापुढे ते टिकलं नाही. उरली ती गोझोची लेस.

व्हिक्टोरिया गावाच्या गल्लीत एक आजी दाराशी खुर्ची टाकून करत होत्या, तिथे मी बसून घेतलं. भिंतीला टेकवलेली लांबट, घट्ट भरलेली उशी, तिच्यावर नक्षीचा भोकं पाडलेला कागद. भोकाभोकात टाचण्या. लाकडी कांड्या दोन्ही हातांत, त्यांवर सूत गुंडाळलेलं. उजवीवर डावी, डावीखालून उजवी, एक टाचणी पुढे, पुन्हा तेच. त्या बोलत होत्या माझ्याशी, पण कांड्यांचा खटखट आवाज थांबत नव्हता. आठ टोकांचा माल्टाचा क्रॉस हळूहळू जुळत गेला. रुमालाएवढ्या तुकड्याला कितीतरी दिवस लागतात. दुकानांत मशीनवर केलेली, बाहेरून आलेली लेसही ठेवतात, स्वस्त आणि एकसारखी. हातची घ्यायची तर करणाऱ्या बाईंकडून घ्या आणि भाव पाडू नका. मजुरी काय असते ते तुम्हाला सांगायला नको.

जायचं कधी? — बऱ्याच जणांचा प्रश्न

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर. सप्टेंबर-ऑक्टोबरात समुद्र अजून कोमट असतो. मार्च-एप्रिलात मात्र माळ हिरवे आणि फुललेले दिसतात. जुलै-ऑगस्टमध्ये पारा तिशीच्या पुढे जातो. आपल्या मे महिन्यापुढे तो किरकोळ, पण दमटपणा आणि गर्दी त्रास देते.

तरीही एका कारणासाठी मी उन्हाळ्यातही जा म्हणेन. गावोगावच्या फेस्टा. आपल्या गड्ड्याच्या यात्रेला होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं आणि नंदीध्वज खांद्यावर निघतात, तसंच तिथे गावच्या संताची मूर्ती माणसं खांद्यावर घेतात, बँड वाजतो, रस्ते झालरींनी सजतात आणि रात्री आतषबाजी. दारूकाम गावातलेच लोक वर्षभर राबून करतात आणि शेजारच्या गावापेक्षा आपलं सरस व्हावं म्हणून जीव तोडतात. 15 ऑगस्टला सांता मरियाचा सण असतो. मोस्ता आणि गोझोचं व्हिक्टोरिया दोन्हीकडे. त्या दिवसांत राहण्याची सोय फार आधी करा.

व्हिसा आणि इतर तयारी? — बऱ्याच जणांचा प्रश्न

माल्टा शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, तोच व्हिसा लागतो. मोठ्यांना शुल्क 90 युरो, सहा वर्षांखाली माफ. निघण्याआधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी द्यावाच लागतो. सोलापूरकरांनी दोन-तीन महिने हाताशी ठेवावेत, कारण बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा. माल्टासोबत दुसरे देश असतील तर जिथे जास्त रात्री राहणार तिथे अर्ज. व्हिसा नक्की मिळवून देतो म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. तो निर्णय त्याच्या हातात नसतो. मुंबईहून थेट विमान नाही, दुबई किंवा इस्तंबूलला बदलावं लागतं, तेव्हा मधे निदान तीन तास ठेवा. तिथले प्लग ब्रिटिश पद्धतीचे, चौकोनी तीन पिनांचे; अडॅप्टर इथूनच घ्या. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, त्यामुळे रस्ता ओलांडताना गोंधळ होत नाही.

आणि पासपोर्ट आजच काढून बघा. परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने तो चालू असायला हवा, दोन पानं कोरी हवीत आणि काढून दहा वर्षांच्या आतला हवा.